गव्यासाठी लेन्स

एखादी वस्तू निवडायला माझ्या थोरल्या साडूंइतका वेळ लावणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात सापडणार नाही, यावर मी कुणाशीही पैज लावायला तयार आहे. मटण घ्यायला गेले तरी बोकडाची कुळकथा ऐकल्याशिवाय दाजी पिशवी उघडत नाहीत. अशा माणसानं दाजीपूरच्या जंगलातल्या गव्याचा फोटो काढायचं मनावर घेतलं. कारण अक्का, म्हणजे त्यांची बायको, माझी मेव्हणी. बाई जंगलाची वेडी. पण पाठीचं दुखणं मागं लागलं आणि डॉक्टरांनी जीपचे धक्के कायमचे बंद केले. "तुला न्हेता येत न्हाय, तर गवाच घरात आणतो," दाजींनी शब्द दिला आणि लेन्स शोधायला बाहेर पडले.

दुकानदार आधी त्यांना चहा सांगायचा. पुढं पुढं ते कोपऱ्यावर दिसले तरी शटर ओढू लागला. चाचणीला आणलेली प्रत्येक लेन्स दाजी संध्याकाळी दूध कट्ट्यावर न्यायचे. तिथं म्हशी रस्त्यावरच पिळतात आणि लोक पेले धरून उभे असतात. "गवा काय न् म्हस काय, अंगानं एकच की!" दाजींचं शास्त्र. "पावणं, आता धार काढू का नगं?" गवळी वैतागून विचारायचा. शेवटी म्हशीसुद्धा सरावल्या, रवंथ थांबवून कॅमेऱ्याकडे बघू लागल्या. दाजींनी दुकानातली सगळ्यांत लांबलचक लेन्स पसंत केली. मी म्हटलं, "दाजी, एक बारकीपण असू द्या." "बारकी लग्नातल्या फोटोला! गवा लाजरा असतोय, लांबच थांबणार."

गवा लाजरा नव्हता. दाजीपूरच्या झाडीतनं निघाला तो सरळ आमच्या जीपशेजारी येऊन उभा राहिला. दाजी मागं रेलत रेलत माझ्या मांडीवर आले, तरी गवा काही लेन्समध्ये मावेना. "हलू नगासा," गाईड दबक्या आवाजात म्हणाला. "मग त्याला जरा मागं सर म्हणा की!" दाजी कुजबुजले. कसाबसा एक फोटो निघाला आणि गवा निघून गेला.

घरी आल्यावर दाजी कॅमेरा दाखवेनात. "नुसता डोळाच गावलाय," म्हणाले आणि खाली मान घालून बसले. मला फार वाईट वाटलं. अक्कांनी कॅमेरा मागून घेतला. त्या डोळ्याकडे, त्याच्या पापण्यांकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. "एवढ्या जवळनं मी कवाच बघितला न्हवता वो," म्हणाल्या आणि पदरानं डोळे टिपले.

"पाठ बरी झाली की दोघं जाऊ," दाजी म्हणाले. "व्हय," अक्का म्हणाल्या. पाठ आता बरी व्हायची नाही, हे दोघांनाही माहीत होतं. तेवढ्यात दाजी माझ्याकडे वळले आणि तेव्हा कोणती लेन्स न्यावी, ते पहिल्यापासून समजावून सांगू लागले. एरवी मी काहीतरी निमित्त काढून उठलो असतो. त्या दिवशी मात्र ऐकत बसलो.