दगडाखालचं हिरवं गवत

परवा भाऊसाहेब आणि वहिनी आमच्याकडे जेवायला यायचे होते, तर सगळ्यात आधी आली ती जेठीबाई. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून पापडांचा डबा काखेत मारून, सकाळी नऊलाच बेलवलीत माझ्या ओट्यावर हजर. "अदी, साहब आया?" अदी म्हणजे सिंधीत ताई. मी म्हटलं, "अगं, ते दुपारी येणार. तू काय तोरण बांधायला आलीस?" तर म्हणे, "हमको घर से उठाया, तो हम सबसे पहले आएगा!"

तिचं म्हणणं खरं आहे. भाऊसाहेबांनी आम्हां दोघींना पाण्यापासून उठवलं. त्यांना साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून पुस्तक निघतंय, आणि मंडळींनी मलाही चार ओळी मागितल्या. मी दुसऱ्या बुकापर्यंत शिकलेली, चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

भाऊसाहेब पहिल्यांदा दिसले ते फाळणीनंतर सिंधी मंडळी नुकती छावणीत आली होती तेव्हा. जो तो जागा शोधत होता, नदी-ओढ्याला चिकटून भिंती उभ्या राहत होत्या. भाऊसाहेब ओव्हरसियर. त्यांचा नियम एकच: पुराचं पाणी जिथवर चढतं त्याच्या खाली जोतं घालायचं नाही, आणि त्या पुराच्या खुणेच्या वरही पंधरा पावलं मोकळी सोडायची. नकाशा होता हातात, पण तो गुंडाळून ते आम्हां बायकांना म्हणाले, "कागदावरची नदी उन्हाळ्यातली आहे. मला श्रावणातली दाखवा."

आमच्यात रीत आहे. मोठा पूर आला की नदी जिथून माघारी वळते, तिथे घरातली थोरली बाई दगड ठेवते आणि हळदकुंकू वाहते. तो दगड हलवायचा नाही. माझ्या सासूबाईंनी ठेवलेला आमच्या वाडीत होता. आणि आता लिहितेच, भाऊसाहेबांनी आजवर कुणाला सांगितलं नाही: मी तो हलवला.

का? आमचे हे जाऊन वर्ष झालं होतं. काठावरच्या उंबराखाली घर बांधायचं, अंथरुणावर पडून पाणी ऐकायचं, हे त्यांचं फार मनात होतं. म्हणून भाऊसाहेब येणार त्या सकाळी मी दगड कवटाळला आणि उतारावर चाळीस पावलं खाली नेऊन ठेवला. वर ताजं कुंकूही वाहिलं!

भाऊसाहेब आले. चार माणसं बरोबर. दगडाला नमस्कार केला, जरासा कलता करून खाली पाहिलं, परत नीट ठेवला. माणसांना म्हणाले, "तुम्ही उंबरापाशी थांबा." मग माझ्याजवळ येऊन हळूच, "आक्का, जुन्या दगडाखालचं गवत पांढरं पडतं. हे अजून हिरवं आहे."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, कोट काढून माझ्या हातात दिला, आणि तो दगड स्वतः उचलून वर नेला. मी पुढे चालून जागा दाखवली. माणसांना एवढंच म्हणाले, "आक्कांनी खूण दाखवली, लिहून घ्या."

घर वर झालं. मागचं दार मात्र त्यांनी नदीच्या बाजूला काढायला लावलं. जेठीबाईचंही असंच. ओढ्याकाठची तिची पापडाची झोपडी हलवली, तेव्हा तिने तासभर सिंधीत उद्धार केला. भाऊसाहेब टोपी काढून उभे. ती दमल्यावर तिची शेगडी स्वतः उचलून नव्या जागी नेली. आता म्हणते, "हमारा सिंधू दर्या तो गया अदी, तुम्हारा उल्हास तो सामने है."

पुढे दोन पावसाळ्यांनी मोठा पूर आला. जिथे माझी चूल असती तिथे उंबराचा शेंडा तेवढा दिसत होता. पाणी सासूबाईंच्या दगडाच्याही वर तीन पावलं चढलं. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब गुडघाभर चिखलातून आले. "बघा, सांगत होतो," असं नाही हो म्हणाले. म्हणाले, "आक्का, माझी रेघ तीन पावलं चुकली. नवा दगड ठेवलात?" ठेवला होता, खराखुरा. त्यांनी सगळ्या गावाची रेघ तेवढी वर सरकवली.

घर वाचलं, नातवंडं त्यात वाढताहेत, मी आनंदात आहे. पण वाऱ्याची दिशा असेल तरच पाणी ऐकू येतं. आणि गुडघ्यांमुळे दोन वर्षांत मी खाली गेलेले नाही.

परवा जेवताना हे माझ्या तोंडून निघालं. भाऊसाहेब वहिनींकडे पाहून म्हणाले, "आक्कांना नदीपासून लांब मी केलं, तर न्यायलाही मीच हवा." जेठीबाई म्हणाली, "एक हाथ साहब पकड़ो, एक हम."

नदीने त्यांच्या उंबऱ्याला पाय लावू नये, आणि त्यांचे पाय आमच्या उंबऱ्याला वर्षानुवर्षं लागोत, गुडघे माझ्यासारखे न कुरकुरता. नारळी पौर्णिमेला भाऊसाहेब आणि जेठीबाई मला खाली नदीवर न्यायला येतो म्हणालेत. मी पंचांग पाहून ठेवलंय, त्या दिवशी बुधवार आहे.