आपलं कॉलेज सोडून परभणीला

प्राचार्य सरांनी पेनाचं टोपण काढलं, अर्ज वाचला आणि टोपण परत लावलं.

"मॅडम, हॉटेलवालाच शेजारच्या हॉटेलात जेवायला बसला तर गिऱ्हाईक काय म्हणेल?"

मी गंगाखेडच्या एका कॉलेजात ऑफिस सुपरिंटेंडंट आहे. म्हणजे ऑफिसातलं जे काम कुणाचंच नसतं, ते माझं. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. बी.कॉम.ची पदवी फ्रेम करून बैठकीत लावलीय, आणि येणाऱ्याला दिसेल अशीच लावलीय.

अर्ज होता शिवलिंगअप्पांचा. अप्पा आमच्या केमिस्ट्री लॅबचे अटेंडंट. त्यांच्या मुलीला, शिवकन्येला, नर्सिंग करायचं होतं आणि परभणीच्या एका नर्सिंग कॉलेजात तिचा नंबरही लागला होता. त्या संस्थेचा आणि आमच्या संस्थेचा करार आहे. आमच्या कर्मचाऱ्याचं लेकरू तिकडं शिकलं तर त्याची ट्यूशन फी माफ, त्यांचं इकडं आलं तर इकडं माफ. अट एकच, आपल्या प्राचार्यांचं शिफारसपत्र. ही सवलत आजवर कुणी वापरलीच नव्हती. निम्म्या स्टाफला ती आहे हेच माहीत नव्हतं. अप्पांना मीच सांगितलं. फी माफ झाली नाही तर आमच्याकडंच बी.एस्सी.ला बसायचं, असं त्यांनी पोरीला सांगून टाकलं होतं आणि पोरीनं घरात अबोला धरला होता.

सरांचं अगदीच चुकत नव्हतं. बारावीचा निकाल लागला की आम्ही ॲडमिशन आणायला गावोगाव हिंडतो. घरोघर चहा प्यायचा, पोरांची नावं लिहून घ्यायची. वर्ग भरला नाही तर तुकडी जाते. त्यात आपल्याच माणसाची पोरगी बाहेर, हे गावात कळलं तर? मी म्हटलं, सर, आपल्याकडं नर्सिंग नाहीच. सर म्हणाले, लोकांना एवढं कुठं कळतं.

त्याच आठवड्यात आमची जीप राणीसावरगावला निघाली. सर पुढं, मी आणि अप्पा मागं. अप्पांना मुद्दाम नेतात, त्या भागात त्यांचे लय सोयरे. सहीबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. सोयाबीनचं बोलले.

एका घरी मावशी भेटल्या. मुलगी बारावी पास झालेली. सरांनी लायब्ररीपासून होस्टेलपर्यंत सगळं रंगवून सांगितलं. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

"सायेब, तुमचं लेकरू तुमच्याच कॉलेजात हाय का?"

सरांचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला. सरांनी कप उचलला. कप रिकामा होता, तरी प्याले. मी मुद्दामच माझा चहा संपवत बसले.

अप्पा म्हणाले, "न्हाई मावशी, सायबाचं पोरगं पुण्याला हाय. त्याला इंजिनेर व्हायचंय, ते आमच्याकडं न्हाई. जे न्हाई त्याला आमी या म्हणत न्हाई. तुमच्या पोरीला काय व्हायचंय?"

"मास्तरीण व्हायचं म्हणायलीय. गणिताची."

"मग पाठवा की. गणित आमच्याकडं चांगलं हाय, आन् पोरगी सांजच्या बसनं घरी."

मावशींनी आत हाक मारली, "आण गं तुझी मार्कशीट."

परतताना जीपमध्ये सर मागं न बघता म्हणाले, "अप्पा, मला सांभाळून घेतलं का सुनावलं?"

"सायेब, मी तर ॲडमिशन आणायलो."

सर हसले, जरा उशिरा. पत्र माझ्या पर्समध्ये टाईप करून तयारच होतं. वाटेत जीप थांबवून बॉनेटवर सही झाली.

शिवकन्या आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. राणीसावरगावची मुलगीही आमच्याकडं आली. गणितात बरी आहे, वर्गात बडबड जास्त करते. सर हल्ली घरोघरी अप्पांचंच 'जे नाही त्याला या म्हणत नाही' हे वाक्य बोलतात, स्वतःचं असल्यासारखं. यंदा आमच्या क्लार्कनं पोराला त्याच संस्थेत फार्मसीला घालायला अर्ज दिला, तर सरांनी न वाचताच सही केली.

एवढ्या नोकरीत मी एक शिकले. साहेबाशी केबिनमध्ये वाद घालू नये, तिथं त्याच्या डोक्यावर पंखा असतो, घाम फुटत नाही. त्याला गावात न्यावं.