दोष खर्ऱ्याचा नव्हता

लकडगंजमधल्या माझ्या औषधाच्या दुकानात शिरण्याआधी माझे जुने गिऱ्हाईक असलेले काका पायरीवर अंगावरचा लाकडाचा भुसा झटकत. मग गोळ्यांची पट्टी उलटीसुलटी करून विचारत, “हे जेवल्यावरच काहून गा, भाऊ?” आरा मशीनवर आयुष्य गेलेल्या या माणसाला कारण कळल्याशिवाय गोळी उतरत नसे. अशा माणसाला मी एक खोटं कारण दिलं.

काकांना प्रोस्टेटचा कॅन्सर होता. इंजेक्शनं चालू होती. पीएसए ही रक्ततपासणी चांगली येत होती. पुढे ते कंबर धरून येऊ लागले. “लय ठणकून राहिलं गा.”

मी रिपोर्ट पाहिला. “पीएसए एकदम कमी आहे काका. आजार दबलाय. ओंडके उचलणं सोडा,” म्हणालो आणि मलम दिलं. माझ्या भरवशावर त्यांनी डॉक्टरांकडे जाणं लांबवलं.

क्वचित एखाद्याचा हा आजार उपचार चालू असतानाच रूप बदलतो. त्या तपासणीत मोजलं जाणारं पीएसए हे प्रथिन नव्या पेशी फारसं बनवतच नाहीत. रिपोर्ट चांगला येत राहतो आणि आजार हाडांत पसरतो. काकांचं तेच झालं होतं; तपासणीत ते उशिरा कळलं. त्यांच्यातच का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

मी मात्र सांगितलं. काकू दुकानात येऊन म्हणाल्या, “तुमीच त मलम देल्लं होतं नं, भाऊ?” गिऱ्हाईकं ऐकत होती. मी म्हणालो, “मलमाचं काय घेऊन बसलात? एवढा तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ल्यावर दुसरं काय होणार?”

काका आधी हसले होते म्हणे. “तोंडातला खर्रा इतका खाली उतरते काय?” पण काकूंनी धरलेला अबोला आणि भेटायला येणाऱ्यांचे टोमणे, यांपुढे तेही मानू लागले. मी घरी औषध पोचवायला गेलो, तर दुखण्याच्या गोळ्या तशाच पडलेल्या.

“घेत नाही मी,” ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. “माह्याच करणीचं आहे. भोगू दे मले.”

दुखणं थांबवता येत होतं, आणि माझ्या एका वाक्यामुळे हा माणूस ते सोसत होता. मी काकूंना हाक मारली.

“काकू, खर्ऱ्यानं हे झालं असं कोणताच डॉक्टर म्हणाला नव्हता. चारचौघांत माझी चूक उघडी पडू नये म्हणून मी ते बोललो. काका, मलम देऊन तुम्हाला घरी बसवलं मी. तुमचा काही दोष नाही. मला माफ करा.”

काकांनी भिंतीकडचं तोंड आमच्याकडे वळवलं. काकूंनी गोळी काढून त्यांच्या ओठांशी धरली. पुढे काका वारले, तोवर काकू माझ्याशी एवढंच बोलल्या, “पहिलेच सांगाचं होतं नं.”