पार्वतीबाई मागनं चालते

पार्वतीबाईनं पस्तीस वर्षं शेरडं राखली, आणि गुडघा कुरकुरायला लागला तशी तिच्या लेकानं, उद्धवनं, ती विकून टाकली. "माय, आता बसून खा," म्हणाला. बसून खाणं कुणाला गोड लागतं? दोन वर्षांत बाई ओट्यावर बसून बसून नुसती चिडकी झाली. पालमच्या डोंगरातली घळ ओट्यावरून दिसायची. तिच्याकडे बघत बाई सुनेच्या स्वयंपाकात खोड्या काढायची.

मग परभणीहून मैत्रेयी नावाची शिक्षिका आली. तिला आपल्या चार मैत्रिणींना घेऊन घळीतून फिरायचं होतं आणि वाट दाखवणारं माणूस हवं होतं. उद्धव नको म्हणेस्तोवर पार्वतीबाई चप्पल घालून तयार!

"माय, ती शिकलेली माणसं हायत, शेरडं न्हाईत. एकीला जरी काई झालं, तर पुन्यांदा तुला डोंगराचं नाव काढू देणार न्हाई."

"बरं," ती म्हणाली. एवढा एकच रविवार आपल्या हातात आहे, हे तिला पक्कं कळत होतं.

थंडीची सकाळ. घळीच्या तोंडाशी पाचजणी उभ्या राहिल्या, बाई पुढे व्हायची वाट बघत. बाईही उभीच, त्या पुढे व्हायची वाट बघत. शेवटी मैत्रेयी निघाली आणि बाई काठी टेकत सगळ्यांच्या मागे. शेरडं राखणारं माणूस कधी पुढे चालतं का?

व्हायचं तेच झालं. घळीला दोन फाटे फुटतात तिथं पुढच्या दोघी खुशाल डावीकडे वळल्या. तिकडं नुसता कडा.

"हर्रर्र! हिकडं! हिकडं वळा!"

बाईची आरोळी अशी घुमली की दोघी जागच्या जागी फिरल्या, आणि मग सगळ्याच पोट धरधरून हसल्या. बाईनं जीभ चावली. झालं, गेला आपला डोंगर, असं तिला वाटलं.

"आजी, तुम्हीच पुढे चला की," मैत्रेयी म्हणाली.

"पुढं गेले तर तुमी मला कशा दिसाल? वाट म्या मागनं सांगते. आन् त्या निळ्या बुटाच्या बाईला थांबवा आदी. मघाधरनं डावा पाय चोरून चालायलीय."

निळ्या बुटांतली राजेश्री बँकेत नोकरीला होती. आपल्यामुळे खोळंबा नको म्हणून ती गप्प होती. बूट काढला तर टाचेला हा एवढा फोड! पुढची चढण तशीच चढली असती तर तिला उचलूनच आणावं लागलं असतं. बाईनं भाकरीचं फडकं फाडून पट्टी बांधली, आणि उघडी पडलेली भाकरी तुकडा तुकडा करून सगळ्यांच्या हातावर ठेवली.

मग काय, आनंदीआनंद. कपारीतून पाणी ठिबकत होतं, त्याखाली पाचजणींनी पोरींसारखी तोंडं धरली. मागून "उजवीकडं", "दगड हालतोय, बगून" असं येत राहिलं. बाईचा गुडघा कुरकुरायचंही विसरला.

दुपारी उद्धव वेशीवर उभा होता. पाचहीजणी धडधाकट आलेल्या बघून त्यानं श्वास सोडला.

"दादा, पुढच्या रविवारी आम्ही आणखी चौघींना आणतो," राजेश्री म्हणाली, "पण आजी असतील तरच!"

गाडी गेली. उद्धव घळीकडे वळून बघायला लागला.

"माय, त्या घळीत आत काय हाय गं? म्या कदी गेलोच न्हाई. तू मला साळंला धाडायचीस."

 पस्तीस वर्षं पार्वतीबाईनं शेरडं त्या घळीत नेली होती, आणि पोटचा पोर तेवढा राहून गेला होता.

"ऐतवारी ये की," ती म्हणाली. "पण माझ्या पुढं चालायचं. मला दिसशील असं."