रंग बघा, भाऊसाहेब

"रंग बघा, भाऊसाहेब, रंग!" असं म्हणत अप्पा माझं मनगट धरून मला थेट स्वयंपाकघरात नेत. काडी ओढत, चावी फिरवत आणि शेगडीवर निळी ज्योत उठली की माझ्याकडे असे बघत, जणू ती त्यांनीच जन्माला घातली. तुमच्याही गावात असा एखादा असेलच, पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी आपली वस्तू दाखवणारा.

मी तेव्हा चाकूरकडच्या एका गावात ग्रामसेवक होतो. लातूर जिल्हा नवा झाला होता आणि नव्या कचेरीला गोबरगॅसची भारी हौस. गावात मी घसा कोरडा केला, पण खड्डा खणला तो एकट्या अप्पांनी. किराणा दुकान, थोडं शेत, चार जनावरं, घरात नवरा-बायको दोघंच. काकूंना दमा होता. चुलीपुढे भाकरी थापता थापता त्यांचा श्वास अडके. धूर बंद झाला नाही तर ही बाई जगायची नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

गॅस आला आणि काकूंची छाती मोकळी झाली. भांड्यांची काजळी गेली, सरपणाची वणवण गेली, खड्ड्यातून निघणाऱ्या मळीवर शेतातली ज्वारी तरारली. अप्पा साखर तोलताना गिऱ्हाइकालाही हेच ऐकवत. "एक दिस खोकली न्हाई बघा," म्हणताना त्यांचे डोळे भरत.

मग दुष्काळ आला. तीन जनावरं चाऱ्यावाचून छावणीत गेली. राहिलेल्या एका गायीच्या शेणात चहासुद्धा होईना. अप्पा घमेलं घेऊन शेण शोधत गावभर फिरले, पण गावात जनावरंच नव्हती. काकू पुन्हा चुलीपुढे बसल्या आणि त्यांचा खोकला दुकानापर्यंत ऐकू येऊ लागला.

"कायबी करा, भाऊसाहेब. मरून जाईल ती."

मीच सुचवलं, परसात संडास बांधा आणि त्याचा पाइप गॅसच्या खड्ड्याला जोडा. गळ्यातल्या लिंगाची पूजा आणि नैवेद्य झाल्याशिवाय काकू घोटभर पाणी घेत नसत.

"तिला सांगायचं न्हाई," अप्पा म्हणाले.

दोन माणसांच्या जोरावर कसला गॅस होणार? म्हणून अप्पा सकाळी दारात उभे राहून आळीला आमंत्रण देऊ लागले. "या की मालक, कशाला रानात जाता? पाणी मी देतो!" टँकरचं आपल्या वाट्याचं पाणी ते लोकांना तांब्या-तांब्यानं वाटत आणि स्वतः ओल्या फडक्यानं अंग पुसत. हा माणूस एकाएकी इतका उदार कसा झाला, हे कुणाला कळेना. आम्ही दोघं मात्र पोट धरून हसायचो. त्या दिवसांत तेवढंच काय ते हसणं होतं. ज्योत परत आली, बारीक, पण निळी.

आणि मग मी माती खाल्ली. नव्या जिल्ह्याचे एक साहेब पाहणीला आले. शेखी मिरवायच्या नादात मी बोलून गेलो, "साहेब, संडास जोडलेलं तालुक्यातलं हे पहिलंच घर. आता चहा येईल तो त्याच गॅसवरचा!"

काकू चहा घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी ट्रे हलकेच खाली ठेवला. साहेब गेल्यावर नवऱ्याला म्हणाल्या, "आवो, मी ह्याच्यावरचा निवद दाखवला की देवाला. इतके दिस."

दुसऱ्या दिवशी अंगणात तीन दगडांची चूल पेटली. अप्पांनी हात जोडले, पाय धरले. "देव कायबी म्हणत न्हाई गं!" आगीला विटाळ नसतो, असं मीही सांगून पाहिलं. काकू धुरातच हसल्या.

"तुमचं खरं असंल, भाऊसाहेब. माझ्यानं व्हत न्हाई."

त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पाऊस यायच्या आधीच त्या गेल्या. माझी जीभ मला अजून खाते.

पुढच्या वर्षी पाणी झालं, जनावरं परतली. मी अप्पांचं घर टाळत होतो. एकदा त्यांनीच दुकानातून हाक मारली आणि माझं मनगट धरलं. परसातला पाइप काढलेला होता, त्याचं तोंड सिमेंटनं बुजवलेलं होतं. स्वयंपाकघरात त्यांनी काडी ओढली. ज्योत मोठी होती, निळी होती. मी तिच्याकडे बघत उभा राहिलो, पण अप्पा माझ्याकडे बघत नव्हते. समोर भिंतीवर काकूंचा फोटो होता.

"आता निस्ता शेणाचा हाय गं," ते फोटोला म्हणाले. "ये, बस."