सासूबाईंच्या सुंभाच्या वहाणा

आमच्या सासूबाई घरात बसल्या आणि माझे हाल सुरू झाले, असं म्हटलं तर तुम्ही म्हणाल, मेल्यावरसुद्धा सासूला नावं ठेवते. तसं नाही हो. माझी सासू गुणाची. फक्त त्यांचे गुण त्या घराबाहेर असल्या की जास्त दिसायचे.

आमचं घर आचऱ्याच्या अलीकडे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. गोव्यात अजून पोर्तुगीज होते, तेव्हाची गोष्ट. सुकती लागली, म्हणजे पाणी मागे सरून काठच्या खडकांची खडपं उघडी पडली, की गावातल्या बायका कालवं काढायला जायच्या. हातात छोटी कोयती आणि एक लोटी. कालव खडपाला चिकटलेलं असतं, त्याचं वरचं कवच कोयतीने उचकटायचं आणि आतला गर लोटीत टाकायचा. सांगायला सोपं आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा लोटीत तीन कालवं आणि बोटाला चार कापे घेऊन आले. सासूबाईंची लोटी मात्र दुसरीची अर्धी होईतो काठोकाठ. त्यांना सगळ्या बायका मानायच्या, आणि मानायच्या हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. कार्तिकातही खडपांवर शेवाळ होतं, हिरवंगार, लोण्यासारखं. सासूबाईंचा पाय सरकला आणि डावं मनगट मोडलं. हाडवैद्याने कामट्या बांधल्या, दीड महिन्यात हाड जुळलं, जरासं वाकडं. पण तेवढ्यात सासऱ्यांनी हुकूम काढला की यापुढे ह्या घरातल्या बाईने खडपावर पाऊल टाकायचं नाही. सासरे गलबतावर तांडेल होते, तीस वर्षं खलाशांना हुकूम सोडण्यात गेलेली. गलबत सोडून चार वर्षं झाली होती, पण सवय कुठे जाते? आता घरात खलाशी दोनच, सासूबाई आणि मी. माझे यजमान शाळामास्तर. ते सकाळी शाळेत जाऊन सुटायचे.

झालं. सासूबाई घरात. मी वाटप वाटायला बसले की पाट्यापलीकडे त्या. बारीक वाट, म्हणायच्या, आमका दात नाय. दात सगळे होते. मी घासलेली भांडी त्या पुन्हा घासायच्या, आणि घासताना माझ्याकडे बघायच्या नाहीत, ते जास्त लागायचं. विहिरीवर मी किती वेळ लावते, शेजारणीशी काय बोलते, नारळ खवताना करवंटीचा काळा भाग कसा खरवडते, सगळ्याचा हिशेब त्यांच्या तोंडी.

आणि मग सुकतीची वेळ व्हायची. घड्याळ त्यांना लागतच नसे. मला बोलता बोलता मध्येच थांबायच्या, समुद्राकडे तोंड करायच्या आणि ते वाकडं मनगट चोळत बसायच्या. बायका कुंपणाच्या वईपलीकडून लोट्या घेऊन जायच्या, हाका मारायच्या, ह्या उत्तर द्यायच्या नाहीत. ते बघवायचं नाही मला. त्यापेक्षा बोलणी बरी. म्हणून मी मनात धरलं, ह्या बाईला पुन्हा खडपावर उभी करायची. दया अर्धी आणि स्वार्थ अर्धा. बरं, स्वार्थ थोडा जास्त. पण दया होती.

आमच्याकडे बायका अनवाणीच जायच्या खडपांवर. कालवांच्या कवचांनी तळवे चिरायचे, त्यावर खारं पाणी. वहाण घालून कोणी गेलेलं मी बघितलं नव्हतं. पण पायात धरून ठेवणारं काहीतरी असलं तर सासऱ्यांना बोलायला जागा राहणार नाही, असा माझा हिशेब.

मोठ्या दिरांनी मुंबईहून रबराच्या सपाता आणल्या होत्या, निळ्या पट्ट्यांच्या, आणि खुंटीला विसरून गेले होते. सगळे दुपारचे लवंडले तशी मी त्या घालून विहिरीवर गेले, तिथल्या शेवाळलेल्या दगडावर चढले आणि एक पाऊल टाकलं. पुढची पावलं मला टाकावी लागलीच नाहीत. पाण्याच्या दगडी दोणीपासून केळीच्या गड्ड्यापर्यंत मी उभीच्या उभी गेले आणि केळीला मिठी मारून थांबले.

मग बाजारातल्या चांभाराकडून टायरचा तळ करून आणला. तो आधीच म्हणाला होता, रस्त्याचं टायर रस्त्यावर चालतं बाये, पाण्यातलं त्याला काय कळणार? मी हट्ट केला. त्याचं खरं निघालं. टायरच्या खाचांत शेवाळ भरलं की खाच राहतच नाही. शिवाय चामड्याचे पट्टे पाण्यात फुगले आणि उन्हात सुकून असे कडक झाले की पायाच्या अंगठ्याला फोड. ह्या खेपेला केळीपर्यंतही पोचले नाही. कोपर सुजलं. कसं सुजलं, विचारलं तेव्हा मी म्हशीचं नाव घेतलं. सासऱ्यांनी बिचारीला दोन दिवस लांब बांधलं. मी तिला गुपचूप पेज नेऊन घातली.

हे असं चाललेलं असताना पाडेली आला नारळ पाडायला. सकाळची वेळ, माड दवाने ओले. त्याने सुंभाचा एक फास दोन्ही पावलांत अडकवला आणि बेडकासारखा भराभर वर. मी खालून विचारलं, बुंधा ओला आहे तर पाय सुटत नाही का? तो वरून म्हणाला, "सुंभ भिजलो काय चावता, वैनी. सुको आसताना फसयता."

मी तिथल्या तिथे नारळ गोळा करायचे सोडून उभी राहिले. सुंभ तर आमच्या घरचाच! सोडणं, म्हणजे नारळाची सालं, आम्ही खाडीच्या चिखलात महिनोन्‌महिने पुरून ठेवायचो, मग काढून बडवायची आणि काथ्या वळून सुंभ करायचा. पडवीत बसून सासूबाईच वळायच्या. जगात न घसरणारी वस्तू घरात ढिगाने पडलेली, आणि मी टायर शोधत बाजारात.

सासूबाईंना मी सांगितलं, म्हशीला दावं पाहिजे, बारीक वळा. त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हशीला इतकं बारीक दावं? मी म्हटलं, हो, दाव्याची वेणी घालणार आहे. पुढे त्यांनी काही विचारलं नाही. फक्त पीळ जास्त घट्ट घालायला लागल्या.

डोक्यावर घागरीखाली चुंबळ ठेवतो ना, तशी मी सुंभाची वेणी घालून पावलाच्या आकारात गुंडाळली आणि जाळं विणायच्या दोऱ्याने दाभणाने शिवली. पहिला जोड असा टोचायचा की विंचवावर उभं राहिल्यासारखं. म्हणून आत जुन्या गोधडीचा तुकडा लावला. टोचायचं थांबलं, पण कापड भिजलं आणि पाय वहाणेच्या आतच घसरायला लागला. तेव्हा मला कळलं की घसरणं नुसतं तळाखाली नसतं, तळाच्या वरही असतं. गोधडी काढून टाकली. वरच्या बाजूचा सुंभ भिजवून धोपाटण्याने बडव बडव बडवला, मऊ होईतो. खालचा तसाच ठेवला, खरबरीत, मुद्दाम गाठी मारून. अंगठ्याचा पट्टा नको, त्यात वाळू जाऊन सोलतं. त्याऐवजी दोन रुंद पट्टे पावलावर आडवेतिडवे आणि एक टाचेमागून. पाणी आपोआप खाली गळून जाई, ती करामत सुंभाची, माझी नव्हे.

आठवडाभराने सासूबाईंनी वळता वळता पाय माझ्यापुढे केला. "माप घे," म्हणाल्या. "म्हशीचो पाय मोठो आसा."

माघातला दिवस. खाडीवर कोणाची तरी नवी होडी बांधली जात होती, तिथे सासरे न विचारलेला सल्ला द्यायला गेले होते, यजमान शाळेत. आम्ही दोघी माडांच्या आडून गेलो. खडपाच्या तोंडाशी मी वहाणा त्यांच्या पायात घातल्या आणि गाठी अशा आवळून मारल्या की सुटायची सोय नको. त्या उभ्या राहिल्या. मला धरलं. एक पाऊल टाकलं, थांबल्या. दुसरं टाकलं. तिसऱ्याला माझा हात सुटला, आणि मग मी आहे हेच त्या विसरल्या. स्वैपाकघरात फिरावं तशा शेवाळावरून गेल्या. मी मागे अनवाणी, चार पायांवर कुर्लीसारखी. त्यांनी एकदाच मागे वळून बघितलं आणि मला म्हणाल्या, जपून ये, पडशील.

तासाभरात लोटी भरली. परतताना त्या चालत होत्या ते माझ्या पुढे.

वईच्या पायरीवर बसून मी गाठ सोडायला गेले तर गाठ सुटेना. नखं लावली, दात लावले, केसातला आकडा लावला. भिजलेला सुंभ आखडतो, हे पाडेल्याने सांगितलं नव्हतं, आणि सुंभ वळण्यात जन्म गेलेल्या आम्ही दोघी ते विसरलो होतो. गाठ दगड झाली होती. आता आत कसं जाणार? आमचं खळं, म्हणजे अंगण, शेणाने सारवलेलं, मध्ये तुळस. पायातलं वईच्या आत न्यायची पद्धत नाही. मी म्हटलं, आये, एवढ्यापुरतं चला आत, कोण बघतंय. त्या आल्या नाहीत. नवऱ्याचा हुकूम त्यांनी नुकताच मोडला होता, पण तुळशीपुढून वहाण नेणं? नाव काढू नको.

मी कोयती उचलली. त्यांनी दोन्ही पाय लुगड्याखाली ओढले.

"पाय काप, पण सुंभ कापू नको."

वईपलीकडची शेजारीण आवाजाने आली. तिने खोबरेल सुचवलं, मग उन्हात बसायला सुचवलं, मग नुसतीच बघत उभी राहिली. तेवढ्यात पाणंदीतून सासरे आले.

पायरीवर बायको, हातात कोयती घेतलेली सून, आणि माझ्या पदराखाली न मावणारी लोटी. त्यांनी आधी लोटीकडे बघितलं. मग लुगड्याखालून दिसणाऱ्या पावलांकडे. मी डोळे मिटून घेतले. आता हुकूम पक्का होणार, कालवं गेली, सासूबाई जन्माच्या पडवीत, आणि मी पाट्याशी.

उघडून बघते तर सासरे खाली बसलेले. त्यांनी सासूबाईंचा पाय उचलून स्वतःच्या गुडघ्यावर घेतला होता.

तुम्हाला आज त्याचं काही वाटणार नाही. त्या वेळी आमच्या गावात नवराबायको वाटेने बरोबर चालत नसत, चार पावलं मागेपुढे असत. भर दुपारी, वईवर, शेजारणीसमोर तांडेलाने बायकोचा पाय मांडीवर घेतला. शेजारणीने तोंडाला पदर लावला. गेली मात्र नाही.

"अवो, पाय सोडा," सासूबाई म्हणाल्या. "लोकां बघतत."

"बघूंदेत." ते गाठीवरून अंगठा फिरवत होते. "कोणी मारल्यान ही गाठ?"

"मियां, बाबा," मी म्हटलं.

"वल्या सुंभाक अशी गाठ? गलबतार असतंस तर पाण्यात टाकलं असतंय तुका."

खडपाबद्दल एक अक्षर नाही. सगळा राग गाठीवर. कमरेला कायम खोचलेली, दोर सोडवायची लाकडी मेख काढून त्यांनी गाठीच्या पोटात घातली, जराशी मागे ढकलली, आणि सुंभ लोण्यासारखा सुटला. मग वहाण उलटी करून तळ बघितला, वेणी ओढून बघितली. मला वाटलं, आता वईपलीकडे भिरकावणार. त्यांनी पाय धुवायला ठेवलेल्या घागरीतलं पाणी पायरीच्या शेवाळावर ओतलं, वहाण त्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी ढकलली. हलली नाही. अंगातलं सगळं बळ लावून ढकलली. मग तोल जाऊन ते स्वतःच बसले.

त्यानंतर त्यांनी मला गाठ शिकवली. एक फेरा, एक फास, टोक ओढलं की सुंभ कितीही भिजलेला असो, गाठ मोकळी. पाच वेळा मारायला लावली, सासूबाईंच्याच पायावर. शेवटी त्या कंटाळून म्हणाल्या, "माझो पाय म्हणजे काय होडीचो खुंट?"

दुपारी कालवांचं सुकं झालं. सासऱ्यांनी दोनदा वाढून घेतलं आणि हात धुवायला उठले. हुकूम त्यांनी मागे घेतला नाही, घेतला असता तर ते तांडेल कसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत उभे राहून ते समोरच्या माडांना म्हणाले, "आज सुकती साडेबाराक."

सासूबाईंनीही माडांनाच उत्तर दिलं, "आसांदे."

आणि बाराच्या आत कोयती, लोटी, वहाणा हातात घेऊन, सगळ्यांच्या देखत, वईबाहेर.

घर रिकामं. पाट्यापलीकडे कोणी नाही. मी चटई पसरली, पाय लांब केले, कितीतरी दिवसांनी. डोळा लागतो न लागतो तोच वईवर बायकांचा गलका. उठून बघते तर सासूबाई पायरीवर, भरलेली लोटी मांडीत, आणि मागे चौघीजणी एकेक पाय पुढे काढून उभ्या. सासूबाई कोयतीने माझ्याकडे दाखवत होत्या. हिच्याकडे मापं द्या, सुंभ मी वळीन.

चुलीतला कोळसा आणून मी पायरीवर एकेक पाऊल आखायला बसले. आठ पावलं झाली तेव्हा पाचवी बाई पुढे झाली, आमची शेजारीण. तिला समुद्राचं भय, ती जन्मात कधी कालवांना गेली नव्हती. माप तिने दिलं ते दिलंच, आणि मग माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं की ती गाठ सोडायला तुमचे सासरे आमच्या ह्यांनाही शिकवतील काय.