आधी तिसरा मजला

गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आमची तीन मजली इमारत होती. तळमजल्यावर सायबर कॅफे. तो चालवणाऱ्या गृहस्थांचा त्याच जागेवर पूर्वी फ्लॉवर-कोबीचा मळा होता. जमीन बिल्डरला देऊन त्यांनी पहिल्या मजल्यावरचे दोन फ्लॅट आणि हा गाळा घेतला होता. दुसऱ्या मजल्यावर मी एकटा राहत असे. एका दैनिकात बातमीदार होतो आणि आठवड्याचं भारनियमनाचं वेळापत्रक चौकटीत बसवण्याचं कामही माझ्याकडेच होतं. तिसऱ्या मजल्यावर एका भिंतीने जोडलेली दोन घरं. एका घरात निवृत्त शिक्षक आणि त्यांची अंथरुणाला खिळलेली पत्नी; मुलगा कॅलिफोर्नियात. दुसऱ्या घरात एक तरुण बाई, तिची सासू आणि सातपूरच्या कारखान्यात शिफ्टमध्ये जाणारा नवरा.

ही बाई घरी बसून अमेरिकेतल्या डॉक्टरांनी रेकॉर्ड केलेले रुग्णांचे अहवाल ऐकून टाइप करायची. पहाटे इंटरनेटवरून आवाजाच्या फायली यायच्या, सकाळी दहाच्या आत टाइप केलेल्या फायली पोचवायच्या. पहिले तीन महिने उमेदवारीचे होते. त्या काळात तीनदा उशीर झाला की काम बंद, असं कंपनीने लिहून दिलं होतं. पहिल्याच महिन्यात दोनदा उशीर झाला. दोन्ही वेळा फाइल तयार होती. इंटरनेट अडलं होतं.

तिचं कॉम्प्युटरचं टेबल मागच्या खोलीत होतं आणि टेलिफोनची तार पुढच्या. मधल्या भिंतीला देव्हारा टेकलेला. त्या भिंतीला भोक पाडायला सासूबाईंनी साफ नकार दिला होता, म्हणून वायफाय घेतलेलं. फाइल अडली की सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "हवेतून नोकरी करते म्हणे. हवा बंद पडली की बसते डोकं धरून."

मी पेपरात आहे म्हणून तिने मला गाठलं. "दादा, तक्रार कुठे करायची असते याची?"

मी चौकशी केली. टेलिफोन खात्याने तार तपासून ठीक असल्याचं सांगितलं. बिनतारी लहरींचं काम पाहणाऱ्या एका अधिकाऱ्याने फोनवर खुलासा केला: वायफाय ज्या पट्ट्यात चालतं तो सरकारने विनापरवाना मोकळा ठेवला आहे. तिथे वायफाय, ब्लूटूथ, काही कॉर्डलेस फोन, सगळे एकत्र. अट एवढीच की यंत्राची शक्ती मर्यादेत हवी, आणि दुसऱ्याचा त्रास झाला तर तो सोसायचा. तक्रारीची सोय नाही, कारण कुणाचा हक्कच नाही. मी त्याला विचारलं, म्हणजे भांडण झालं तर? तो म्हणाला, "आपसात मिटवायचं."

मी तिला वही ठेवायला सांगितलं. इंटरनेट कधी अडलं, किती मिनिटं अडलं, रोज लिहायचं. आमच्या धंद्यात नोंदीवर विश्वास असतो. इमारतीत तोवर एक मत तयार झालं होतं की हे देवळालीच्या लष्करी तळावरच्या तोफांमुळे होतं. सरावाच्या दिवशी खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, म्हणून इंटरनेटही थरथरत असणार. दोन आठवड्यांची नोंद हातात आल्यावर मीही त्या दिशेने एक बातमी लिहिली आणि पुरावा म्हणून वहीचं पान जोडून आमच्या वरिष्ठ उपसंपादकांपुढे ठेवलं.

त्यांनी बातमी बाजूला सारली आणि पान वाचलं. "हे परत कशाला आणलंस? हे तर आपण सोमवारी छापलंय."

"काय छापलंय?"

"लोडशेडिंगचं वेळापत्रक. फक्त प्रत्येक वेळ पाच-दहा मिनिटं पुढे. घड्याळ पुढे आहे का तुझं?"

ती चौकट मीच बसवली होती. वहीतली जवळजवळ प्रत्येक वेळ वीज परत येण्याच्या वेळेनंतरची होती. बातमी मी खिशात घालून परत आणली.

कारण मग सरळ होतं. वीज आली की इमारतीतले तिन्ही वायफायचे डबे एकाच क्षणी सुरू व्हायचे: कॅफेतला, माझा आणि तिचा. प्रत्येक डबा आधी कानोसा घ्यायचा आणि जो मार्ग मोकळा दिसेल तो धरायचा. एकमेकांना न घासणारे मार्ग त्या पट्ट्यात तीनच. पण तिघेही एकदम उठल्यामुळे तिघांनाही सगळंच मोकळं दिसे, आणि तिघेही एकाच मार्गावर जाऊन बसत. आतली मांडणी बदलून प्रत्येकाला वेगळा मार्ग नेमून देता आला असता. पण डबे बसवून देणारा माणूस पासवर्ड स्वतःकडे ठेवून पुण्याला गेला होता.

हे सगळं मी कॅफेत बसून सांगितलं. कॅफेवाले गल्ल्यामागे उभे राहून ऐकत होते. त्यांना पट्टा, मार्ग यांचं काही नवल वाटलं नाही.

"पाटाला पाणी सुटलं आन् समद्यांनी एकदम दारं धरली, तर कुणाचंच रान भिजत नाय. पाळी लावा की."

"कशी?"

"शेवटच्याला आधी. पाणी सुटलं का पयलं शेवटच्या रानाला, मग वर सरकत यायचं. तिसरा मजला आधी. ताईनं डबा लावला का जिन्यातून आवाज द्यायचा. मग तुम्ही. माझं गिऱ्हाईक बसंल पाच मिनिटं, चहा पितंय."

त्या दिवसापासून वीज गेली की आम्ही तिघेही डब्यांची बटणं बंद करून ठेवू लागलो. वीज आली की वरून आवाज यायचा, "लावलं!" तिच्या डब्यावरचा हिरवा दिवा स्थिर झाला की मगच ती ओरडायची. पाच मिनिटांनी मी लावायचो आणि खाली आवाज द्यायचो. जिन्यात चपला काढणाऱ्या पाहुण्यांना हा प्रकार काय आहे ते कळत नसे. वहीतल्या नोंदी आठवड्याभरात दोन-तीनवर आल्या.

पण त्या दोन-तीन हटेनात. त्यांचा विजेशी संबंध नव्हता. मंगळवार आणि शनिवार, सकाळी नऊच्या पुढे. मी तिला विचारलं तेव्हा तिने वही मिटली.

"मला माहीत आहे ते, दादा. शेजारच्या काकांना मुलाचा फोन येतो तेव्हा होतं."

मुलाने अमेरिकेहून आणून दिलेला कॉर्डलेस फोन होता तो. भिंतीपलीकडून काकांचा आवाज यायचा, "थांब, आईकडे नेतो," आणि इकडे फाइल थांबायची. हा फोन एका मार्गावर बसत नसे; क्षणाक्षणाला उडी मारत सगळा पट्टा वापरायचा. त्याला पाळी लावणं शक्य नव्हतं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"काकू त्या फोनसाठी आठवडाभर दाराकडे बघत असतात. त्यांना मी काय सांगू?"

फायली कॅफेतून पाठवायचीही सोय नव्हती. रुग्णांची माहिती बाहेरच्या कॉम्प्युटरवर न्यायची नाही, अशी तिने सही केली होती. आणखी एक उशीर तिला परवडणार नव्हता, आणि महिना-दीड महिना बाकी होता.

गुरुवारी जिन्यात काका भेटले. मी त्यांना जे होतं ते सांगितलं. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून मला मोठ्याने बोलावं लागलं आणि ते त्याहून मोठ्याने बोलले.

"म्हणजे माझा मुलगा बोलतो आणि तिची नोकरी जाते? हा कुठला कायदा?"

"कायदाच नाही, काका. तुमचंही चुकत नाही, तिचंही नाही."

"तारेचा फोन बाहेरच्या खोलीत आहे. ही आत. हिला उठवता येत नाही. त्याचा आवाज हिच्या कानापर्यंत न्यायचा कसा, तुम्हीच सांगा!"

ते घरात गेले, दार लागलं. शेजारच्या घराचं दार अर्धवट उघडं होतं आणि आत सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या.

पुढचं मला शनिवारी कळलं. शुक्रवारी सासूबाईंनी स्वतः इलेक्ट्रिशियन बोलावला. सुनेने विचारलं तर म्हणाल्या, "देव्हारा चार बोटं सरकवला तर देव काय घर सोडून जातात? पाड भोक." सरळ तार मागच्या खोलीत गेली. शनिवारी नऊला तिचा हवेशी काही संबंध राहिला नव्हता.

त्याच सकाळी काकांनी मला चहाला बोलावलं. पलंग बाहेरच्या खोलीत आला होता. शुक्रवारी संध्याकाळी कॅफेवाल्यांना आणि त्यांच्या भावाला हाताशी धरून त्यांनी तो पत्नीसकट उचलून आणला होता. काकू भिंतीकडे तोंड करून, तारेचा फोन कानाशी धरून मुलाशी बोलत होत्या. रिसीव्हरची वायर ताणलेली होती आणि काका पलंगाच्या कडेला बसून फोनचा डबा मांडीवर धरून होते. बाहेरच्या खोलीत दार उघडलं की वारा लागतो, म्हणून काकूंच्या कानाला मफलर होता. कॉर्डलेस फोन खोक्यात घालून कपाटावर ठेवलेला.

एकाच दिवशी दोन्ही घरांनी पट्टा सोडला होता, आणि कुणीही दुसऱ्याला सांगितलं नव्हतं.

मुलाचा फोन संपल्यावर मी काकांना शेजारच्या भोकाबद्दल सांगितलं. त्यांनी स्टूल ओढलं, खोकं खाली काढलं आणि फोन चार्जिंगला लावला. दुपारी पलंग पुन्हा आत गेला. या वेळी उचलायला मीही होतो.

तीन महिने संपल्यावर त्या बाईला कायम केल्याचं पत्र आलं. जिन्यातून आवाज देणं तिने तरीही बंद केलं नाही. तिचा डबा आता लागत नव्हता, म्हणून वीज आली की ती ओरडायची, "लावा हो!"

मंगळवारी आणि शनिवारी नऊनंतर माझं इंटरनेट अडायचं. मी त्या वेळात दाढी करून घेत असे.